दिव्याच्या खाडीकांठीं येत्या सालचें बियाणें

सन २०२५ चें साल ओलें गेलें, ही गोष्ट आमच्या वाचकांस नव्यानें सांगावयास नको. मोसमी पाऊस त्या वर्षीं २४ मे रोजीं केरळांत उतरला आणि २६ मे रोजीं मुंबईस येऊन पोहोंचला. मुंबईस त्यानें यावें अशी वेधशाळेची ठरीव तारीख ११ जून. म्हणजे तो सोळा दिवस अगोदर आला, व सन १९५० पासूनच्या नोंदींत इतक्या लवकर तो कधींच आलेला नव्हता. जातांना मात्र त्यानें घाई केली नाहीं. दिवाळी उलटून गेल्यावर, ऑक्टोबरच्या अखेरीस, कोंकणपट्टींत पुनः पाऊस झाला आणि कापून शेतांत पसरलेलें भात भिजलें. शहरांतील मनुष्यास या दोन पावसांच्या दोन गैरसोयी आठवतात. एकीस लोकलगाड्या खोळंबल्या, दुसरीस दाराबाहेरचे आकाशकंदील भिजले. खाडीकांठच्या शेतकऱ्याचें मात्र सबंध साल या दोहोंच्या चिमट्यांत सांपडलें.

दिवा म्हटलें म्हणजे हल्लींच्या वाचकाच्या डोळ्यांपुढें माणसांनीं ओथंबलेलें जंक्शन उभें राहतें. आगगाडी ठाण्याहून कल्याणास गेली ती सन १८५४ मध्यें. पुढें येथून पनवेलकडे एक फांटा फुटला आणि वसईकडे दुसरा. स्टेशनाभोंवतीं चाळी उठल्या, चाळींच्या जागीं मजले चढले, आणि मूळचा मुलूख कसला होता हें आठवणारीं माणसें थोडीं राहिलीं. तो मुलूख भाताचा होता. उल्हास नदीचें गोडें पाणी जेथें खाडीच्या भरतीस भेटतें, त्या पट्टींत आगरी व कोळी लोकांनीं खाजणास बांध घालून शेतें केलीं, मासे धरले, आणि जेथें भात होईना तेथें कोठें कोठें मीठ पिकविलें. आगासन, बेतवडें, शीळ, देसाई, खिडकाळी या बाजूस अजून कांहीं खाचरें शिल्लक आहेत. तीं किती राहिलीं याचा शोक करण्यापेक्षां त्यांत पुढें काय पेरावयाचें हा प्रश्न आम्हांस अधिक निकडीचा वाटतो. कारण एकदां चुकीचें बी जमिनींत पडलें म्हणजे त्याची दुरुस्ती वर्षभर होत नाहीं.

प्रश्न वरवर पाहतां सोपा दिसतो. भाताच्या जाती आमच्याकडे तीन प्रकारच्या मानतात. हळव्या, निमगरव्या आणि गरव्या. हळवें भात सुमारें शंभर ते एकशेंपंधरा दिवसांत तयार होतें, गरव्यास एकशेंपस्तीसांवर दिवस लागतात, आणि निमगरवें या दोहोंच्या मध्यें. कर्जतच्या संशोधन केंद्रानें काढलेला कर्जत-१८४ हा वाण हळव्यांतला, कर्जत-२ हा गरव्यांतला. जुना शेतकरी उंचवट्याच्या, लवकर सुकणाऱ्या खाचरांत हळवें टाकी आणि पाणी धरून ठेवणाऱ्या खोलगट खाचरांत गरवें लावी. ही वांटणी त्यास पाण्यानें शिकविली होती. आतां गेल्या सालचा फटका बसल्यावर चहाच्या दुकानीं आणि बियाण्याच्या दुकानीं एकच बोल ऐकूं येतो, कीं यापुढें सरसकट हळवें करावें, म्हणजे पाऊस परतून येण्यापूर्वीं भात घरांत येईल. याच्या उलट दुसरा पक्ष म्हणतो, पाऊस मे महिन्यांतच येणार असेल तर हंगाम लांबला. मग गरवेंच करावें, उतारा अधिक पडेल. दोन्ही पक्ष गेल्या सालाकडे बोट दाखवितात, आणि आमच्या मतें दोघेही तेथेंच चुकतात.

हिशेब करून पाहावा. दहा जूनच्या सुमारास पेरलेलें हळवें भात सप्टेंबरच्या तिसऱ्या-चौथ्या आठवड्यांत पिकतें. मुंबईकडून मोसमी पाऊस माघारीं फिरण्याची वेधशाळेची तारीख ८ ऑक्टोबर. म्हणजे अगदीं नेमस्त वर्षींही हळवें भात पावसांतच कापावें लागतें, आणि सन २०२५ चा सप्टेंबर तर कोरडा मुळींच नव्हता. मे-अखेरच्या पावसास भुलून पेरणी आणखी पुढें ओढली तर पिकलेली लोंबी ऐन सप्टेंबरच्या आरंभीं पाण्यांत उभी राहील आणि उभ्या ताटावर दाण्यास मोड येतील. उलट सर्व गरवें केलें आणि पाऊस वेळेवर गेला, तर दाणा भरण्याच्या वेळीं खाचरांत ओल राहणार नाहीं. एका सालच्या पावसावरून दुसऱ्या सालचें पीक ठरविणें म्हणजे कालच्या भरतीच्या वेळेवर आज होडी सोडणें. ज्याचीं तीनचार खाचरें वेगवेगळ्या उंचीवर आहेत त्यानें जुनी वांटणी मोडूं नये. ज्याचें एकच खाचर आहे त्यानें निमगरव्याकडे कल ठेवावा. आणि रोपें एकाच दिवशीं न टाकतां आठदहा दिवसांच्या अंतरानें दोन वेळां टाकावीं. यांत कोणताही चमत्कार नाहीं. दोन्हीकडून थोडें थोडें नुकसान पत्करून सर्वनाश टाळावयाचा, एवढाच याचा अर्थ.

रोपांचा विषय निघाला म्हणून राबाविषयीं दोन शब्द लिहितों. चैत्र-वैशाखांत शेण, पालापाचोळा व टहाळ पसरून जमीन भाजावयाची आणि पहिल्या पावसावर तेथें बी टाकावयाचें, ही ठाणें जिल्ह्याची जुनी वहिवाट. आमच्या सुशिक्षित मित्रांनीं ती अडाणीपणाची ठरविण्याची घाई करूं नये. भाजलेल्या जमिनींत तण कमी उठतें, हें शेतकऱ्याचें निरीक्षण खरेंच आहे. परंतु पाऊस २६ मे रोजीं आला तर ज्याचा राब भाजावयाचा राहिला त्याचा पाला कुजतो, व ज्याचा भाजून झाला त्याची राख वाहून जाते. कोंकण कृषि विद्यापीठ दापोलीस सन १९७२ मध्यें स्थापन झालें. तें पुष्कळ वर्षांपासून गादीवाफ्यावर रोपें करावयास सांगत आहे. वाफा उंच असल्यामुळें जादा पाणी चरांतून निघून जातें आणि झाडाच्या फांद्याही तोडाव्या लागत नाहींत. आजवर हा उपदेश पुष्कळांस पुस्तकी वाटला असेल. त्या मे महिन्यानंतर तो तसा वाटूं नये.

आतां बियाण्याच्या दुकानांतील एका नव्या नांवाकडे वळूं. पाण्यांत बुडालें तरी मरत नाहीं असें भात निघालें आहे, हें सर्वत्र बोललें जातें, आणि तें खोटें नाहीं. ओडिशांतील एका जुन्या देशी जातीच्या अंगीं असा गुण होता, कीं रोप पुरांत बुडालें कीं तें वाढणें थांबवून आपली शक्ति राखून ठेवी आणि पाणी ओसरल्यावर पुनः फुटे. हा गुण शास्त्रज्ञांनीं स्वर्णा या लोकप्रिय वाणांत उतरविला, व स्वर्णा-सब१ या नांवानें तो सन २००९ मध्यें आपल्या देशांत प्रसृत झाला. दोन आठवड्यांपर्यंत तो पाण्याखालीं तग धरतो. परंतु दुकानदारानें तीन गोष्टी गिऱ्हाइकास सांगितल्या पाहिजेत. एक, हा गुण वाढत्या रोपाचा आहे. ऑक्टोबरांत पिकलेली लोंबी भिजली तर त्याचा कांहीं उपयोग नाहीं. दुसरी, तो वाण गरव्यांतला आहे. आणि तिसरी, जी दिव्याच्या बाजूस सर्वांत महत्त्वाची, ती ही, कीं त्याचें सामर्थ्य गोड्या पाण्याच्या पुरापुरतें आहे. खाऱ्या पाण्यापुढें तें चालत नाहीं.

खाऱ्या पाण्यासाठीं निराळे वाण आहेत. पूर्वीं खाजणांत काळा राता व भुरा राता या तांबड्या दाण्याच्या जाती होत असत. चवीस जाड, बाजारांत हलक्या, पण मिठास न भिणाऱ्या. पुढें पनवेल येथील खार जमीन संशोधन केंद्रानें पनवेल-१, पनवेल-२ व पनवेल-३ असे वाण काढले. ज्याच्या खाचरांत उन्हाळ्यांत पांढरी फूल फुटल्यासारखी खार वर येते, त्यानें कर्जतचा बारीक दाणा पाहून मोह धरण्यापेक्षां पनवेलचें बी घ्यावें, हें आमचें स्पष्ट मत आहे. भातास खार बाधते ती मुख्यतः दोन वेळीं, रोप कोंवळें असतांना व फुलोऱ्यावर असतांना. तेव्हां लावणीपूर्वीं खाचर धुवून काढणें हें बियाण्याइतकेंच महत्त्वाचें काम आहे.

आणि येथेंच ओल्या सालाविषयीं एक गोष्ट सांगावयाची आहे, जी शहरांत सहसा ठाऊक नसते. खारजमिनीस फार पाऊस हा शत्रु नाहीं. पावसाचें गोडें पाणी खाचरांत तुंबतें, खार विरघळवितें, आणि ओहोटीच्या वेळीं बांधांतील उघाडीवाटे तें पाणी खाडींत सोडून दिलें कीं जमीन धुतली जाते. उघाडीची झडप अशी बसविलेली असते, कीं आंतलें पाणी तिला बाहेर ढकलतें आणि बाहेरची भरती तिला मिटवून टाकते. जितका पाऊस अधिक तितकी ही धुलाई अधिक. ज्याचा बांध शाबूत आणि उघाडी मोकळी, त्याच्यासाठीं ओलें साल पुढच्या सालची ठेव ठेवून जातें. परंतु अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणांत बांधास एक खांड पडली, तर एका रात्रींत आंत आलेलें खारें पाणी ती ठेव बुडवितें, आणि पुढें कित्येक पावसाळे लागोपाठ धुतल्याखेरीज जमीन पूर्वपदावर येत नाहीं. दोन शेजारी, दोघांच्या जमिनीची प्रत एक, पाऊस एक. पण एकानें पुढच्या सालीं हवें तें बी निवडावें आणि दुसऱ्यानें काळ्या रात्यावर समाधान मानावें, इतकें अंतर त्या एका झडपेनें पडतें.

म्हणून आम्ही म्हणतों, कीं येत्या सालचें बियाणें दुकानांत निवडलें जात नाहीं. तें उघाडीच्या तोंडाशीं निवडलें जातें. मग ती उघाडी कोणाच्या हातीं आहे, हें पाहिलें पाहिजे.

पूर्वीं ती शेतकऱ्यांच्याच हातीं होती. बांध सर्वांचा, म्हणून त्याची डागडुजी सर्वांनीं मिळून करावयाची. उधाणाच्या रात्रीं कोणीतरी पहाऱ्यावर असावयाचें. सन १९४८ मध्यें मुंबई इलाख्याच्या सरकारनें खारजमिनींसाठीं कायदा केला, व सन १९७९ मध्यें महाराष्ट्र सरकारनें नवा कायदा करून बांधांचें काम अंगावर घेतलें. सरकारनें काम अंगावर घेतलें हें चांगलेंच झालें. मात्र त्याबरोबर शेतकऱ्यांची आपली म्हणून असलेली राखणही सुटली. पुढें ठाणें महापालिका सन १९८२ मध्यें स्थापन झाली, आणि दिव्याची ही बाजू तिच्या हद्दींत आली. आज एखादा बांध फुटला तर त्याचा धनी कोण, खारभूमीचें खातें, महापालिका, रेल्वे, कीं ज्याच्या नांवावर सात-बारा आहे तो मालक, हें ठरवितां ठरवितां दोन उधाणें होऊन जातात.

दुसरा प्रश्न पाण्याच्या वाटेचा. उघाडी कितीही चांगली असो, तिच्यापुढील नाला भरावानें अर्धा बुजला असेल तर ओहोटींतही पाणी हलत नाहीं. हा भराव येतो कोठून? शेतकरी आपल्या खाचराच्या तोंडीं माती कशाला टाकील? तो येतो ठाणें, डोंबिवली, कल्याण येथील जुन्या इमारतींच्या पाडकामांतून, दुकानांच्या नूतनीकरणांतून, आमच्या-तुमच्या घरच्या नव्या फरशीखालून निघालेल्या जुन्या फरशींतून. गाडी रात्रीं येते, पाठ मोकळी करते आणि निघून जाते. आमच्या वाचकांत व्यापारी पुष्कळ आहेत, कंत्राटदारही आहेत. राडारोडा उचलण्याचे पैसे देतांना तो कोठें जाणार आहे असें आपल्यापैकीं किती जण विचारतात? स्वतः आम्हीं आमच्या कचेरीच्या दुरुस्तीच्या वेळीं विचारलें नाहीं, हें कबूल करण्यास लाज वाटते. २६ जुलै २००५ रोजीं सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मिठीचा गाळ, तिचें अरुंद पात्र, यांविषयीं मुंबईनें पुष्कळ वादविवाद केला. दिव्याच्या नाल्यांविषयीं असा वाद कोणी केला नाहीं, आणि त्याचा परिणाम केवळ खाचरांनाच भोगावा लागतो असेंही नाहीं. त्याच पाण्यानें चाळींच्या तळमजल्यावरील बिऱ्हाडें दर पावसाळ्यांत भिजतात.

नालेसफाईची मुदत आपल्याकडे बहुधा मे-अखेरची धरलेली असते. पाऊस २६ मे रोजीं आला तेव्हां त्या मुदतीचे पांच दिवस उरले होते. शेतकऱ्यानें बदलत्या पावसास अनुसरून आपलें पंचांग बदलावें असा उपदेश सर्व जण करितात. तर मग महापालिकेनेंही आपलें पंचांग बदलून नाल्यांचें काम एप्रिल-अखेर पुरें करावें, व खाडीकडे जाणाऱ्या तोंडापासून त्यास आरंभ करावा, अशी मागणी शहरच्या नागरिकांनीं कां करूं नये? तोंड बंद ठेवून वरचा नाला साफ करणें म्हणजे मोरीचा बोळा तसाच ठेवून न्हाणी घांसणें होय.

आतां पैशाची बाजू. सन २०२५ च्या अतिवृष्टीनंतर राज्य सरकारनें ७ ऑक्टोबर रोजीं ३१,६२८ कोटी रुपयांची मदत जाहीर केली. कोरडवाहू पिकास हेक्टरीं ८,५०० रुपये, आणि रब्बीच्या तयारीसाठीं हेक्टरीं आणखी १०,००० रुपये, असा हिशेब होता. आंकडा मोठा, आणि मराठवाड्यांत जो अनर्थ झाला त्यापुढें तो मोठा म्हणवत नाहीं हेंही खरें. पण आपल्या या बाजूस शेत गुंठ्यांनीं मोजतात. वीस गुंठ्यांचें भात गेलें तर पहिल्या दरानें येतात सुमारें १,७०० रुपये. त्यांत रोपें उपटण्याची व लावणीची मजुरी तरी निघेल काय, हें कोणत्याही आगरी बाईस विचारावें. चिखलांत वांकून ती लावणी तीच करिते.

शिवाय ते १,७०० तरी कोणाच्या हातीं पडतात? ज्याचें नांव सात-बाऱ्यावर, त्याच्या. दिव्याच्या आसपास जमिनीचा मालक एक, तिचा सौदा दुसऱ्याशीं झालेला, आणि ती प्रत्यक्ष कसणारा तिसरा, असा प्रकार असतो. इमारत उठेपर्यंत दोन सालें जमीन पडून राहूं नये म्हणून तोंडी बोलीनें ती कोणास तरी लावावयास दिलेली असते. पीक बुडालें तर नुकसान त्या तिसऱ्याचें, आणि सरकारी दप्तरीं तो तिसरा नाहींच. असा मनुष्य चांगलें बी विकत कां घेईल? बांधावर चार दिवस कां राबेल? तो स्वस्तांतलें स्वस्त बी टाकील, किंवा कांहींच टाकणार नाहीं.

कांहींच न पेरण्याचा निर्णय शेतकरी कोणत्या स्थितींत घेतो याचें एक उदाहरण मुंबई बंदराच्या पलीकडे घडलेलें आहे. त्या वेळच्या कुलाबा जिल्ह्यांत, अलिबागजवळ चरी येथें, २७ ऑक्टोबर १९३३ रोजीं नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं जमलेल्या कुळांनीं खोतांचीं शेतें न कसण्याचा निश्चय केला, व तो सन १९३९ पर्यंत पाळला. तेही खारेपाटांतीलच आगरी शेतकरी. बांध त्यांनीं राखावा, भात त्यांनीं पिकवावें, आणि तें मोजण्याच्या वेळीं हक्क खोताचा, या व्यवस्थेविरुद्ध तें भांडण होतें. उपाशी राहून, कोठें लाकडें विकून त्यांनीं तीं सालें काढलीं. पुढें कुळकायदे झाले, १ एप्रिल १९५७ रोजीं कसणारा कूळ मालक ठरला. खोत गेले ही आनंदाची गोष्ट. पण कसणाऱ्याचें नांव दप्तरांत नसण्याचा जुना रोग दिव्याच्या बाजूस नव्या रूपानें परत आला आहे, आणि या वेळीं त्याविरुद्ध कोणी संप करीत नाहीं. जमीन मुकाट्यानें पडीक राहते, आणि पडीक जमिनीवर भराव पडावयास वेळ लागत नाहीं.

पीकविम्याचेंही तेंच. सन २०२३ मध्यें राज्यानें एका रुपयांत विमा दिला. सन २०२५ च्या खरिपापासून ती सवलत बंद झाली, भातासाठीं शेतकऱ्यावर विमारकमेच्या दोन टक्के हप्ता आला, आणि भरपाई केवळ पीककापणी प्रयोगांच्या आंकड्यांवर द्यावयाची असें ठरलें. हे प्रयोग सबंध महसूल मंडळाचे. मंडळांतील उंच जमिनींवर भात बरें आलें असेल तर खाडीकडेचें बुडालेलें खाचर सरासरींत दिसतच नाहीं. एका रुपयाच्या विम्यांत लबाड्या फार झाल्या, म्हणून तो बंद केला, हें कारण आम्हीं मान्य करितों. परंतु लबाडी करणाऱ्यांबरोबर बुडालेल्यासही बाहेर काढणें हा न्याय नव्हे. नोव्हेंबर २०२५ मध्यें केंद्र सरकारनें असें जाहीर केलें, कीं सन २०२६ च्या खरिपापासून भात पाण्याखालीं बुडणें ही पुनः स्थानिक आपत्ति मानली जाईल, व शेतकऱ्यानें ७२ तासांच्या आंत छायाचित्रासह खबर द्यावी. हें कलम महाराष्ट्रानें पत्करलेंच पाहिजे. आणि तें पत्करल्यावर, ज्याच्या घरांत चांगला मोबाईल नाहीं त्याच्या बुडालेल्या खाचराचें छायाचित्र काढून तीन दिवसांच्या आंत पाठविण्याचें काम दिव्यांतील शाळा-कॉलेजांतील मुलांनीं कां करूं नये? गणपतीच्या मंडळांत काम करणाऱ्यांस हें जड नाहीं.

व्यापाऱ्यांशीं आम्हांस वेगळें बोलावयाचें आहे. सन २०२५-२६ साठीं साध्या भाताचा आधारभाव क्विंटलास २,३६९ रुपये ठरला, पण सरकारी खरेदींत १७ टक्क्यांवर ओल असलेलें भात घेत नाहींत. ओल्या सालीं तें भात मग व्यापाऱ्याकडे येतें, आणि ओलीच्या नांवाखालीं किती कापावयाचें हें व्यापाऱ्याच्या तळहातावर ठरतें. ओल मोजण्याचें यंत्र कांहीं हत्ती विकत घेण्याइतकें महाग नाहीं. तें दुकानांत सर्वांस दिसेल असें ठेवावें. ज्या पेठेनें हें केलें तिच्याकडे भात आपोआप येईल, यांत धर्मादाय कांहीं नाहीं.

शेवटीं घरच्या बियाण्याविषयीं, कारण याची चौकशी आमच्याकडे अधिक होते. ओल्या सालचें भात बी म्हणून ठेवलें असेल तर दिसण्यावर जाऊं नये. दाणा वरून पिवळाधमक असला तरी आंतील अंकुर भिजून एकदां जागा झालेला व मेलेला असूं शकतो. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटांत गुंडाळावे, गोणपाट सुकूं देऊं नये, आणि आठवड्यानें उघडून मोड मोजावे. ऐंशीं किंवा अधिक निघाले तर बी खुशाल वापरावें. प्रमाणित बियाण्याची अटही तीच आहे. सत्तर निघाले तर थोडें अधिक टाकावें. पन्नास निघाले तर तें दळावें आणि भाकरी करावी. पेरण्यापूर्वीं दहा लिटर पाण्यांत तीनशें ग्रॅम मीठ विरघळवून त्यांत बी बुडवावें. पोचट दाणे वर तरंगतात ते काढून टाकावे, तळाशीं बसलेले दोनतीन वेळां गोड्या पाण्यानें धुवून सावलींत सुकवावे. खाडीकांठच्या माणसास मिठाची ही एक उपयोगी बाजूही पाहावयास मिळेल. संकरित जातीचें मात्र घरचें बी ठेवूं नये. दुसऱ्या सालीं तें एकसारखें येत नाहीं.

हें सर्व रोहिणी लागण्यापूर्वीं आटोपलें पाहिजे, म्हणजे २५ मेच्या आंत. गोणपाटाची परीक्षा एप्रिलांत करावी, कारण बी नापास झालें तर पनवेलचें किंवा कर्जतचें बी आणावयास हातीं दिवस राहतील. त्याच एप्रिलांत आगासन-बेतवड्याकडील उघाड्यांच्या झडपा कोणीतरी हातानें हलवून पाहाव्या. शहरांतील आमच्यापैकीं ज्यांस रविवारीं सकाळीं वेळ असेल, त्यांनीं ओहोटीच्या वेळीं तिकडे एक फेरी मारावी. पाणी वाहतें कीं उभें आहे, हें पाहावयास शेतकरी असावें लागत नाहीं.